रुगर पीसी कार्बाईन (९ मिमी): काही महिने वापरल्यानंतर

टेक्सासमध्ये राहतो. घरात ग्लॉक १७ पिस्तूल आधीपासून होतं आणि त्याच्याच मॅगझिनवर (गोळ्या भरायच्या पेटीवर) चालणारी लांब बंदूक हवी होती, म्हणून ही घेतली. हिच्यात मॅगझिन बसतं तो भाग बदलता येतो. रुगरचं लावा नाहीतर ग्लॉकचं.

पुण्यातले मित्र विचारतात, आपल्या पोलिसांकडे असते तीच का कार्बाईन? नाही. ती स्टर्लिंग या सबमशीन गनच्या घराण्यातली, घोडा दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात. हिच्यात एका दाबाला एकच गोळी. शिवाय भारतात ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणारा.

काडतूस पिस्तुलाचं, पण दस्ता खांद्याला लावायचा आणि नळी लांब, एवढीच हिची व्याख्या. कल्पना जुनीच आहे: विंचेस्टर १८७३ रायफलीचं .४४-४० काडतूस १८७८ पासून कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमध्येही चालू लागलं. अमेरिकेत रायफलीची नळी १६ इंचांहून आखूड असेल तर वेगळी नोंदणी लागते. हिची १६.१२ इंच आहे.

लांब नळीमुळे रायफलीची ताकद येईल अशी आशा धरू नका. ११५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हलक्या गोळीचा वेग बऱ्यापैकी वाढतो, १४७ ग्रेनला फारसा फरक पडत नाही. मिळतो तो नेम. पिस्तुलाला बिचकणारी माझी बायको हिने २५ यार्डांवर गोळ्या एकमेकींना खेटून मारते. ५० यार्डांवर नेम जुळवला, तर १०० यार्डांवर गोळी काही इंच खाली लागते.

आता धक्क्याविषयी, कारण निवड खरी इथेच होते. हिच्यासारख्या साध्या ब्लोबॅकमध्ये बोल्टला (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्याला) कुलूप नसतं, त्याचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच तो थोपवलेला असतो. म्हणून बोल्ट जड ठेवावा लागतो, आणि तो मागे आदळला की ९ मिमीच्या मानाने खांद्याला जास्तच जाणवतो. रुगरने बोल्टमध्ये टंगस्टनचं सरकतं वजन घालून तो हिसका बराच मऊ केलाय. रोलर-डिलेड (रोलरमुळे बोल्ट किंचित उशिरा उघडतो अशा) किंवा गॅसवर चालणाऱ्या, उदाहरणार्थ सिग एमपीएक्स, आणखी सौम्य असतात, पण किंमत चांगलीच चढते. यूएसपीएसए या अमेरिकेतल्या नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांत वेळेशी झुंजायचं असेल तर ते पैसे सार्थकी लागतात. मला रविवारी कागदावर गोळ्या मारायच्या आहेत.

वजन तीन किलोच्या वर, त्यात रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायचं साधन). उभ्याने फार वेळ धरवत नाही. ब्लोबॅकमुळे काजळीही भरपूर साचते, चिंध्या जास्त लागतात. दुसऱ्याच एका कंपनीचं स्वस्त मॅगझिन मात्र सारखं अडकायचं. ग्लॉकचं मूळ मॅगझिन लावल्यापासून तो त्रास संपला.

बऱ्याच रेंजवर अशा बंदुका भाड्याने मिळतात. घेण्याआधी साधी ब्लोबॅक आणि डिलेड, दोन्ही एकाच दिवशी चालवून बघा.