सहावी-सातवीचं मराठी लेखन शिकवण्यासाठीचं शिक्षक-साहित्य: वर्षभराच्या वापरानंतर

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी सहावी-सातवीला मराठी शिकवते. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हाच ठरवलं होतं, यंदा निबंध पाठ करून घ्यायचे नाहीत, मुलांना लिहायला शिकवायचं. मग शिक्षकांसाठीचं जे जे साहित्य मिळालं ते वर्गात वापरत गेले. आता परीक्षा आटोपल्यात, वह्यांचे गठ्ठे समोर आहेत. सीमाभागातल्या मराठी शाळांमध्ये माझ्यासारखे कितीतरी जण एकट्याने चाचपडत असतात. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहिते.

साहित्य पारखायची माझी कसोटी एकच आहे. ते वाचल्यावर शिक्षकाला स्वतः खडू घेऊन मुलांसमोर लिहावं लागतं का? लागत असेल तर ते कामाचं. नुसती उद्दिष्टं, अध्ययन निष्पत्ती आणि शेवटी प्रश्नमंजुषा असेल तर प्रमाणपत्र मिळतं, सातवीच्या वहीत काही उतरत नाही.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो अमेरिकेतल्या एका मार्गदर्शिकेचा. तिथल्या शिक्षण खात्याच्या ‘व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाऊस’ने २०१६ साली सहावी ते बारावीच्या लेखन अध्यापनावर ती काढली. पीडीएफ फुकट मिळते. तिच्यात शिफारशी तीनच आहेत. लेखनाच्या युक्त्या उघडपणे शिकवा आणि त्यासाठी आधी करून दाखवा, मग सराव घ्या, मग त्यावर विचार करायला लावा. वाचन आणि लेखन एकत्र गुंफा. मुलांचं लेखन तपासून त्यावरून पुढचं शिकवणं ठरवा. मला आवडलं ते हे की प्रत्येक शिफारशीला पुरावा किती आहे ते तिथेच छापलंय: पहिलीला भक्कम, दुसरीला मध्यम, तिसरीला अगदी कमी. आपल्या प्रशिक्षणांत प्रत्येक गोष्ट सारख्याच ठामपणे सांगतात. त्यामुळे कशावर जास्त वेळ घालवायचा ते शिक्षकाला कळतच नाही.

मी पहिल्या शिफारशीवर जोर दिला. भाद्रपदानंतर आमच्याकडे रताळ्यांचा हंगाम, निम्म्या वर्गाचे हात मातीत असतात, म्हणून विषय तोच घेतला. फळ्यावर लिहिलं, ‘आम्ही रताळी काढायला शेतात गेलो.’ थांबले आणि मोठ्याने म्हटलं, “हे वाचून कुणाला पुढचं वाचावंसं वाटेल का? नाही वाटणार.” वाक्य खोडलं. दुसरं लिहिलं, ‘वेलाखालची माती भेगाळली की आजी म्हणते, रताळी काढणीला आली.’ मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, तुम्ही पण खोडता?” त्यानंतर मुलांच्या वह्यांत खाडाखोड दिसायला लागली आणि ती मी मुद्दाम ठेवून घेतली. शिक्षक आधी मनाशी जुळवून आलेला परिच्छेद फळ्यावर उतरवतो तेव्हा मुलांना फक्त अक्षर दिसतं. विचार कसा बदलला ते दिसलं तरच त्यांना लिहिणं कळतं.

दुसरं साहित्य म्हणजे ‘रायटिंग नेक्स्ट’ हा २००७ सालचा अहवाल. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या लेखनावरचे प्रयोग एकत्र करून कशाचा किती परिणाम होतो ते आकड्यांत मांडलंय. शून्य म्हणजे काहीच फरक नाही, ०.८ च्या आसपास म्हणजे मोठा फरक, उणे म्हणजे उलटा परिणाम. लेखनाच्या युक्त्या शिकवणं आणि सारांशलेखन या दोन्हींचा परिणाम ०.८२, मुलांनी एकमेकांना मदत करत लिहिण्याचा ०.७५, वाक्यं जोडण्याच्या सरावाचा ०.५०. आणि सुटं व्याकरण शिकवण्याचा चक्क उणे ०.३२. आपल्या तासिकांची वाटणी बरोबर उलटी असते. हे आकडे इंग्रजीत लिहिणाऱ्या मुलांचे आहेत हे खरं, म्हणून ते जसेच्या तसे मराठीला लावणार नाही. पण दिशा मला पटली आणि वह्यांतही तेच दिसलं. याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, ती प्रशिक्षणं आखणाऱ्यांनी वाचावी: टप्प्याटप्प्याने लिहून घेण्याच्या पद्धतीचा परिणाम प्रशिक्षण मिळालेल्या शिक्षकांच्या वर्गात चांगला जाणवला, न मिळालेल्यांच्या वर्गात जवळजवळ शून्य.

वाक्यं जोडण्याचा सराव मात्र आपला आपणच तयार करावा लागतो. इंग्रजी साहित्यात ‘कारण’, ‘पण’, ‘जरी’ अशा शब्दांनी वाक्यं जोडायला शिकवतात. मराठीची खरी ताकद ‘करून’, ‘करताना’, ‘करेपर्यंत’ यांत आणि ‘जो-तो’, ‘जेव्हा-तेव्हा’ यांत आहे. मी मुलांच्याच वहीतली तुटक वाक्यं घेतली: ‘रताळी काढली. ती धुतली. पोत्यात भरली. टेम्पो आला.’ थोड्या वेळाने एकीने जोडलं, ‘रताळी काढून, धुऊन पोत्यात भरेपर्यंत टेम्पो दारात येऊन उभा.’ शेवटचं क्रियापद तिने आपणहून गाळलं. असं वाक्य कुठल्या मार्गदर्शिकेत मिळणार नाही. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एवढा सरावही पुरतो, फक्त वाक्यं मुलांच्या लेखनातलीच हवीत.

मत मांडण्याच्या लेखनासाठी कॅरन हॅरिस यांनी विकसित केलेली एसआरएसडी (सेल्फ-रेग्युलेटेड स्ट्रॅटेजी डेव्हलपमेंट) पद्धत वापरली, म्हणजे लेखनाची युक्ती शिकवायची आणि ती वापरताना मुलाने स्वतःच्या लिहिण्यावर स्वतः लक्ष ठेवायचं. आधी पार्श्वभूमी, मग चर्चा, करून दाखवणं, लक्षात ठेवणं, आधार देत लिहिणं आणि शेवटी स्वतंत्र लेखन, असे तिचे सहा टप्पे. लेखाचे भाग लक्षात राहावेत म्हणून इंग्रजीत आद्याक्षरं वापरतात, त्यांच्या जागी आम्ही मत, कारणं, उलगडा, शेवट असं ठेवलं. विषय दिला, सहल राजहंसगडाला न्यावी की गोकाकच्या धबधब्याला. एका मुलाचा पहिला खर्डा होता, ‘गड चांगला आहे. तिथे मजा येते.’ उलगडा कर म्हटल्यावर दुसऱ्या खर्ड्यात आलं, ‘गड जवळ आहे म्हणून गाडीचं भाडं कमी पडेल. ज्यांच्या घरातून पैसे देत नाहीत ते पण येऊ शकतील.’ हा मुलगा वर्षभर गप्प असायचा. ही पद्धत मी ठामपणे सुचवेन. पण घाई करू नका, करून दाखवण्याचा टप्पा गाळला तर बाकी सगळं साच्यासारखं होतं.

तपासणीसाठी ओरेगन राज्यातल्या शिक्षकांच्या कामातून पुढे आलेली ‘सिक्स प्लस वन ट्रेट्स’ ही गुणवैशिष्ट्यांची चौकट पाहिली. सातवीला ती जड जाते. मी तीनच रकाने ठेवले, मुद्दे, मांडणी, वाक्यं. शुद्धलेखन स्वच्छ प्रतीच्या वेळी. आपल्याकडे उलट चालतं. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम हवेतच, पण पहिल्या खर्ड्यावर तांबड्या शाईने ऱ्हस्व-दीर्घ मारत बसलं तर मूल पुढच्या वेळी चार ओळीच लिहितं. आमच्या मुलांच्या लेखनात ‘मी भाकरी खाल्लो’, ‘मी पुस्तक वाचलो’ सर्रास येतं, ती घरची बोली आहे. संवादात ती तशीच राहू द्यायची, परीक्षेच्या उत्तरात प्रमाण रूप लिहायचं, हे मुलांना एकदा नीट सांगितलं की समजतं. बोलीतलं वाक्य खोडण्याआधी ते वाक्य काय सांगतंय ते बघा, एवढी कळकळीची विनंती.

आता जवळचं साहित्य. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. कर्नाटकात आपली पुस्तकं वेगळी असली तरी बालभारतीच्या वरच्या वर्गांचा उपयोजित लेखनाचा भाग जरूर पाहा. पत्र, बातमी, जाहिरात यांचे नमुने सोपे करून सातवीला चालतात. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक आता ऑनलाइन वाचता येतात. शिक्षकांसाठी म्हणून ते काढलेलं नाही, तरी ‘वाचन आणि लेखन गुंफा’ या शिफारशीला माझ्या वर्गात याहून चांगलं काही मिळालं नाही. सारांशलेखनाला मी ‘तरुण भारत’मधल्या आपल्याच भागातल्या बातम्या घेतल्या. कडोली, उचगाव, बेळगुंदीची साहित्य संमेलनं झाली की तिथलं ऐकलेलं भाषण आठ ओळींत आणायला सांगायचं, मुलं कान देऊन ऐकतात.

‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-पोर्टलवर साहित्य भरपूर आहे. ‘निष्ठा’ ही केंद्र सरकारची शिक्षक-प्रशिक्षण योजना २०१९ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ऑनलाइन आली. तिचा आवाका सगळ्या विषयांचा, त्यामुळे लेखनाच्या वाट्याला थोडंच येतं. पायाभूत समज हवी असेल तर ठीक. एका प्रत्यक्ष प्रशिक्षणाबद्दल मात्र वाईट वाटलं. सगळं कन्नडमधून झालं. मला कन्नड समजतं, ती अडचण नव्हती. पण मराठी वाक्य कसं शिकवायचं याची चर्चा मराठी उदाहरणांवाचून होऊ शकत नाही. कन्नड साधनव्यक्तीबरोबर मराठीचा एक शिक्षक बसवला असता तरी दोन्ही माध्यमांचं काम झालं असतं.

अमेरिकेतल्या नॅशनल रायटिंग प्रोजेक्टची १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरुवात झाली ती याच विचाराने: शिक्षकांना शिक्षकांनीच शिकवायचं आणि शिकायला आलेल्या शिक्षकांनी आधी स्वतः लिहायचं. त्यासाठी निधी लागत नाही. आमच्या क्लस्टरमधल्या आम्ही काही जणी महिन्यातून एका शनिवारी शाळा सुटल्यावर बसतो, प्रत्येकीने एक परिच्छेद लिहून आणायचा आणि वाचायचा. माझ्या मते या वर्षातलं सगळ्यात चांगलं प्रशिक्षण हेच.

ज्यांच्या हाताशी वेळ कमी आहे त्यांनी २०१६ च्या मार्गदर्शिकेचा पहिला भाग वाचावा आणि वाक्यं जोडण्याचा सराव सुरू करावा. इंग्रजी जड वाटलं तर दोघी-तिघींनी मिळून वाचा, उदाहरणं सोडून दिली तरी चालतं.

एक गोष्ट मात्र कुठेच मिळाली नाही, ती म्हणजे मराठी मुलांचे खरेखुरे खर्डे. पहिला, दुसरा, स्वच्छ प्रत, असे शेजारी शेजारी लावलेले, सहावी ते आठवीचे. त्याशिवाय नव्या शिक्षकाला ‘सुधारणा’ म्हणजे काय ते दाखवता येत नाही. मी माझ्या वर्गातले, नावं काढून आणि पालकांना विचारून, जमवायला घेतलेत. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या शिक्षकांनी आपापल्या वर्गातले ठेवून दिले तर जूनच्या आत सगळ्यांना वापरता येईल असा संच तयार होईल.