डायनॅमो की बॅटरी? सायकलच्या दिव्याची निवड

दिवसभर मी दिवे डिझाइन करते आणि अंधार पडल्यावर सायकलने घरी जाते. त्यामुळे नवी सायकल घेणारा ओळखीतला प्रत्येक माणूस तोच प्रश्न घेऊन येतो: पुढच्या चाकात हब डायनॅमो (चाकाच्या मध्यातच वीज तयार करणारा) बसवू, की चार्जिंगचा दिवा घेऊन हँडलला अडकवू? उत्तर एका वाक्यात देता येतं. अडचण एवढीच, की ते वाक्य प्रत्येकासाठी वेगळं निघतं. म्हणून हा सगळा पसारा.

वीज नंतर, आधी झोत

बहुतेक जण सुरुवातच चुकीच्या आकड्यापासून करतात. खोक्यावर ८०० लुमेन, १२०० लुमेन असं ठळक छापलेलं असतं आणि मोठा आकडा म्हणजे चांगला दिवा असं वाटतं. लुमेन म्हणजे दिव्यातून सगळीकडे मिळून बाहेर पडलेला एकूण प्रकाश. तो रस्त्यावर पडला, झाडाच्या शेंड्यावर पडला की समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत गेला, हे त्या आकड्याला ठाऊक नसतं. ठरावीक जागी किती प्रकाश पोचला ते लक्समध्ये मोजतात, आणि सायकलस्वाराला खरा उपयोग त्याचाच.

इथे एक गणित आहे. माझ्या कामातलं हे माझं सर्वांत आवडतं गणित. अंतर दुप्पट झालं की समोरच्या भिंतीवर पडणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो, हे शाळेत शिकलेलं असतं. पण रस्ता भिंतीसारखा समोर उभा नसतो, तो आडवा पसरलेला असतो. जितकं लांब बघाल तितका प्रकाश त्यावर अधिक तिरका पडतो आणि अधिक लांब जागेत विखुरतो. म्हणून रस्त्याच्या पृष्ठभागाचा हिशेब केला तर दुप्पट अंतरावर प्रकाश एक चतुर्थांश नव्हे, एक अष्टमांश उरतो. चौपट अंतरावर चौसष्टावा हिस्सा. म्हणजे ५ मीटरवरचा आणि २० मीटरवरचा रस्ता सारखाच उजळायचा असेल, तर २० मीटरच्या दिशेने ६४ पट तीव्र प्रकाश फेकावा लागतो.

साध्या टॉर्चचा गोल झोत हे करू शकत नाही. त्याने चाकापुढचा रस्ता पांढराफटक होतो, डोळे त्या उजेडाला सरावतात आणि पुढचा खड्डा अधिकच काळा दिसतो. वरचा अर्धा प्रकाश आकाशात आणि समोरच्याच्या तोंडावर जातो. चांगल्या सायकल दिव्याच्या झोताला वर स्पष्ट कापलेली कड असते, मोटारीच्या डिपरसारखी. त्या कडेच्या लगेच खाली तो सर्वांत प्रखर असतो आणि खाली येता येता मवाळ होत जातो. अशा झोताचे २०० लुमेन रात्रीच्या डांबरी रस्त्यावर गोल झोताच्या ८०० लुमेनपेक्षा जास्त कामाचे असतात, असं मी बिनधास्त म्हणेन. जंगलातल्या पायवाटेवर मात्र उलट. तिथे डोक्याच्या उंचीवरच्या फांद्याही दिसायला हव्यात, त्यामुळे गोल झोतच बरा.

आता यात डायनॅमो-बॅटरीचा काय संबंध? संबंध इतिहासात आहे. जर्मनीत २०१३ पर्यंत बहुतेक सायकलींना डायनॅमोचाच दिवा सक्तीचा होता. सूट होती ती ११ किलोंपेक्षा हलक्या रेसिंग सायकलींना. डायनॅमोकडून मिळायची ६ व्होल्ट आणि ३ वॅट एवढीच वीज, त्यातली २.४ वॅट पुढच्या बल्बला आणि ०.६ वॅट मागच्याला. वर नियम असा, की १० मीटरवर किमान १० लक्स प्रकाश पडलाच पाहिजे आणि समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत. एवढ्याशा विजेत हे बसवायचं तर प्रकाशाचा थेंबही वाया घालवून चालत नाही. त्या गरिबीतून दिव्यांतल्या आरशांचे आकार घडत गेले. बॅटरीच्या दिव्यांना विजेची ही टंचाई नव्हती. प्रकाश कमी पडला की मोठी बॅटरी लावायची, झालं. त्यामुळे आजही बाजारात डायनॅमोचे दिवे सरसकट नेटक्या झोताचे मिळतात, तर बॅटरीच्या दिव्यांत नेटक्या झोताचा दिवा शोधून काढावा लागतो. पण मिळतो. खोक्यावर ‘कट-ऑफ’ किंवा जर्मन मान्यतेचा उल्लेख दिसला तर तो हातात घ्या, नाहीतर दुकानातल्या भिंतीवर पाडून बघा.

चाकातला डायनॅमो

टायरला घासणारा बाटलीच्या आकाराचा डायनॅमो अनेकांच्या आठवणीत आहे आणि ती आठवण फारशी गोड नाही. तो आवाज करतो, टायर झिजवतो आणि पावसात, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा, घसरतो. हब डायनॅमोत हे काहीच होत नाही, कारण चाकाच्या मधला तुंबाच वीज तयार करतो. कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधली स्टर्मी-आर्चर ही कंपनी असे तुंबे १९३० च्या दशकातच विकत होती.

एकाच भागाकडून दोन कामं करून घेणं ही आमच्या धंद्यातली उत्तम खोड. इटलीच्या आकिले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या भावांनी १९६२ मध्ये ‘तोयो’ नावाचा उभा दिवा केला. त्यात मोटारीचा हेडलाइट आहे, तार ओवायला मासेमारीच्या गळाच्या कड्या आहेत, आणि बुडाशी ठेवलेला जड ट्रान्सफॉर्मरच दिवा पडू नये म्हणून वजनाचं काम करतो. याच भावांनी १९५७ मध्ये रेसिंग सायकलची सीट एका दांड्यावर बसवून फोनवर बोलताना टेकायचं स्टूल केलं होतं. हब डायनॅमो मला त्यांच्याच घरातला वाटतो.

‘पण पाय भरून येतील ना?’ हा दुसरा ठरलेला प्रश्न. हिशेब करू. दिवा चालू असताना ३ वॅट वीज काढायला स्वाराची साधारण ५ ते ६ वॅट ताकद जाते. रमतगमत सायकल चालवणारा माणूस ७५ ते १०० वॅट लावत असतो. सायकलसकट ९० किलो वजन आणि ताशी २० किलोमीटर वेग धरला, तर ५ वॅट म्हणजे किलोमीटरमागे एक मीटर चढ. एवढा चढ डोळ्यांना दिसतही नाही. टायरमध्ये हवा कमी असेल तर याहून जास्त ताकद वाया जाते आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. शर्यतीत उतरणाऱ्यांनी मात्र हा मुद्दा मनावर घ्यावा.

खरे तोटे वेगळे आहेत. पहिला म्हणजे खर्च, आणि तोही सुरुवातीलाच. तुंबा बदलायचा म्हणजे स्पोक काढून चाक नव्याने विणायचं, किंवा तयार चाकच घ्यायचं. दुसरा, दिवा त्या एका सायकलीचाच होऊन बसतो. तुमच्याकडे तीन सायकली असतील तर दोन अंधारात. तिसरा, अगदी हळू, चालण्याच्या वेगाने चढ चढताना प्रकाश मंद होतो किंवा थरथरतो. चांगला उजेड यायला ताशी १२-१५ किलोमीटर वेग लागतो. सिग्नलला थांबल्यावर दिवा विझण्याचा जुना त्रास आता राहिला नाही. आत वीज साठवणारा एक कपॅसिटर असतो, तो काही मिनिटं बारीक प्रकाश देत राहतो. सायकल ढकलत न्यायची असेल तर तेवढाच आधार.

चौथा तोटा तारांचा, आणि बिघाड बहुधा इथेच होतो. तुंबा वर्षानुवर्षं चालतो, पण मडगार्डखालून मागच्या दिव्याकडे जाणारी ती पातळ तार कुठेतरी घासते, क्लिपमधून निसटते, किंवा चाक काढताना तुटते. जर्मन डिझायनर रिचर्ड सॅपरने १९७२ च्या ‘तित्सियो’ टेबल दिव्यात हा प्रश्न फार सुंदर सोडवला होता. कमी व्होल्टेजचा बल्ब वापरल्यामुळे वीज थेट दिव्याच्या धातूच्या हातांमधूनच नेता आली आणि हलणाऱ्या सांध्यांपाशी एकही तार लोंबली नाही. हाच सॅपर पुढे घडीच्या सायकलीच्या मागे लागला, हेही सांगून टाकते. सायकलींतही पूर्वी परतीची वीज फ्रेममधूनच जायची. दिसायला छान, पण गंज आणि रंग मध्ये आला की दिवा बंद. आज दोन तारा टाकतात. तुमच्या मेकॅनिकला त्या फ्रेमच्या आतून किंवा निदान घट्ट बांधून टाकायला सांगा, आणि काम होईपर्यंत शेजारी उभं राहा.

चार्जिंगचा दिवा

याची बाजू मांडायला फार शब्द लागत नाहीत. स्वस्त, हलका, पाच मिनिटांत बसतो, कुठल्याही सायकलीला लागतो, सायकल उभी असतानाही पूर्ण प्रकाश देतो. म्हणूनच जगभर बहुसंख्य लोक तो घेतात आणि त्यात काही चूक नाही.

फसगत होते ती किती वेळ चालणार या आकड्यात. ‘१८६५०’ या मापाच्या एका नेहमीच्या लिथियम सेलमध्ये साधारण १० ते ११ वॅट-तास वीज मावते. लेन्स आणि सर्किटमधली गळती धरून एका वॅटमागे १०० लुमेन मिळाले असं समजा. म्हणजे ५०० लुमेनवर दिवा दोन तास चालेल, २०० लुमेनवर पाच तास. एका सेलचा दिवा ‘१००० लुमेन, ६ तास’ सांगत असेल तर हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असूच शकत नाहीत. गंमत अशी, की खोटंही नसतं. टॉर्चसाठी प्रचलित असलेल्या एफएल-१ या अमेरिकन मोजपद्धतीत चालू केल्यावर अर्ध्या मिनिटाने प्रकाश मोजतात आणि तो त्याच्या दहा टक्क्यांवर घसरेपर्यंतचा वेळ ‘रनटाइम’ म्हणून छापतात. म्हणजे सहाव्या तासाला तुमच्याकडे १०० लुमेन आहेत. शिवाय लहानशा डबीतला प्रखर एलईडी तापतो, आणि तापला की सर्किट स्वतःच प्रकाश कमी करतं. वाऱ्यावर धावताना ठीक, सिग्नलला थांबलं की मंद.

थंडीत बॅटरी कमी चालते, आणि शून्य अंशाखाली लिथियम सेल चार्ज करू नये. काही शे वेळा चार्ज झाल्यावर क्षमता ओसरते. सेल बदलता येण्याजोगा नसेल तर तिथे दिव्याचं आयुष्य संपलं. डिझायनर म्हणून माझा खरा राग मात्र चार्जिंगच्या भोकावरच्या रबरी झाकणावर आहे. आयपीएक्स७ लिहिलेला दिवा एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, पण झाकण नीट लावलेलं असेल तरच. ते रोज उघडायचं असतं, सैल पडतं आणि एका पावसात सगळं आटोपतं. माझा एक दिवा असाच गेला. निवडताना ते झाकण नखाने चार वेळा उघडून मिटून बघा.

आणि मग विसरणं. चार्ज करायला विसरणं, काढून खिशात ठेवायला विसरणं (मग चोरी), खिशातून परत लावायला विसरणं, दिवसा लावायचं सुचतच नसणं. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये ३,८४५ सायकलस्वारांवर एक प्रयोग झाला. काहींच्या चाकांना चुंबकावर चालणारे दिवे लावले. त्यांना बटणच नाही, चाक फिरलं की पेटणार, दिवसासुद्धा. त्या गटात इजा होणारे अपघात १९ टक्क्यांनी कमी नोंदले गेले. नोंदी स्वारांनी स्वतः केलेल्या होत्या, त्यामुळे आकडा जरा जपूनच घ्यावा. तरी डायनॅमोच्या बाजूने माझ्याकडे असलेला हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे, आणि तो ऑप्टिक्सचा नाही, सवयीचा आहे. डायनॅमोचा दिवा मी गेली कित्येक वर्षं बंदच केलेला नाही.

मग काय घ्यायचं?

एकच सायकल, वर्षभर रोजचा प्रवास, त्यातला बराच अंधारात: हब डायनॅमो घ्या आणि पुढची काही वर्षं विषय डोक्यातून काढून टाका. लांब पल्ल्याच्या प्रवासालाही तोच, कारण दिवसा दिवा बंद ठेवून त्यावर फोन चार्ज करता येतो. दोन्ही एकदम मात्र होत नाही, ३ वॅट शेवटी ३ वॅटच.

आठवड्यातून एखाद-दोनदा रात्री बाहेर पडत असाल, सायकली दोन-तीन असतील, किंवा भाड्याच्या-उसन्या सायकलीवर फिरत असाल तर बॅटरी. फक्त कापलेल्या कडेचा झोत आणि बदलता येणारा सेल या दोन गोष्टींवर तडजोड करू नका. लुमेनवर खुशाल करा. नवी सायकल घेणार असाल आणि तीत मुळातच डायनॅमोचं चाक असेल तर प्रश्नच नाही. इलेक्ट्रिक सायकलला दिवा मुख्य बॅटरीवरच जोडावा, वेगळा काही घेऊ नये.

मागचा दिवा पुढच्यापेक्षा स्वस्त असतो म्हणून दुर्लक्षित राहतो. तो जळतोय की नाही हे तुम्हाला चालवताना दिसतही नाही. डायनॅमोवाल्यांनीही मागे बॅटरीचा एक लहान दिवा जास्तीचा ठेवावा. उघडझाप करणारा दिवा लक्ष वेधतो, पण मागच्याला अंतराचा अंदाज बांधणं अवघड जातं, म्हणून मी स्थिर दिवाच वापरते, आणि ठिपक्यापेक्षा आडव्या पट्टीचा.

काहीही घेतलंत तरी बसवल्यावर एक काम उरतं. भिंतीपासून दिवा ५ मीटरवर येईल अशी सायकल उभी करा. जमिनीपासून दिवा ८० सेंटिमीटरवर असेल तर झोताची वरची कड भिंतीवर ७० सेंटिमीटरच्या आसपास पडली पाहिजे. म्हणजे ती रस्त्याला साधारण ४० मीटरवर टेकेल. हे करताना सायकलवर स्वतः बसा, नेहमीची बॅग लावा आणि कड बघायला दुसऱ्या कोणाला तरी भिंतीपाशी उभं करा, कारण बसल्यावर टायर दबतात आणि झोत हलतो.