‘सत्तावनची एन्फिल्ड’ म्हणून पुण्यात विकली जाणारी बनावट बंदूक

जुन्या लष्करी बंदुका जमवून त्यांची डागडुजी करणाऱ्या पुण्यातील सर्वांसाठी हा अनुभव लिहीत आहे, कारण मला फसवणारा विक्रेता कुंभारवेशीजवळच्या जुन्या बाजारात अजूनही जाणकार गिऱ्हाइकांच्या शोधात फिरत असतो.

त्याने मला 65,000 रुपयांना एक ठासणीची बंदूक 1853 नमुन्याची एन्फिल्ड, म्हणजे 1857 च्या उठावाच्या काळातली इंग्रजी लष्करी बंदूक, म्हणून विकली. घोड्याशेजारच्या लोखंडी पट्टीवर मुकुट, ‘टॉवर’ ही अक्षरे आणि 1858 हे साल होते. अस्सल एन्फिल्डची नळी 39 इंच लांब आणि आतून .577 इंच व्यासाची असते व तिच्यात तीन पिळदार खाचा असतात. या नळीत त्या नव्हत्या. त्यावर विक्रेत्याचे उत्तर तयार होते. 1857 च्या उठावानंतर हिंदी शिपायांच्या हाती लांब पल्ल्याचे हत्यार राहू नये म्हणून इंग्रजांनी त्यांच्यासाठी गुळगुळीत नळीच्या बंदुका काढल्या, आणि ही त्यांपैकीच एक, असे त्याने सांगितले. हा इतिहास खरा आहे. ज्याने या विषयाचा अभ्यास केला आहे त्यालाच पटावी अशी ही थाप आहे, आणि मला सर्वांत संताप येतो तो याचाच.

खोटेपणा उघडा पडला तो नळीवरच्या मागच्या नेमपट्टीवरून, म्हणजे नेम धरण्याच्या पट्टीवरून. या बंदुकीवर शेकडो यार्डांच्या खुणा असलेली, उभी करता येणारी पट्टी होती. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी दूरवर भरवशाने लागत नाही, त्यामुळे शिपायांसाठी काढलेल्या त्या बंदुकांवर साधा, न हलणारा ठोकळा असे. म्हणजे नळी एका नमुन्याची सांगितलेली आणि नेमपट्टी दुसऱ्याची लावलेली. पुढे दस्त्यावरचे काळे रोगण काढल्यावर खाली अक्रोडाऐवजी आंब्याचे फिकट लाकूड निघाले, बार पेटवणारी टोपी बसवण्याच्या जागेखाली विजेच्या वेल्डिंगचा ओघळ दिसला, आणि भिंगाखाली पाहिल्यावर घोड्याशेजारच्या पट्टीवरची अक्षरे ठशाने उठवलेली नसून आम्लाने कोरलेली असल्याचे स्पष्ट झाले.

सोबत त्याने ‘परवान्याची गरज नाही’ असे एका निवृत्त अधिकाऱ्याच्या शिक्क्याचे पत्र दिले होते. अशा खासगी पत्राला कायद्यात काहीही किंमत नाही. शस्त्र अधिनियम, 1959 मधील सवलत दुरुस्तीनंतरही चालू शकणार नाही अशाच पुरातन किंवा नादुरुस्त हत्याराला आहे. चालू शकणारी ठासणीची बंदूक बाळगायची तर परवाना लागतोच, आणि तो नसेल तर गुन्हा विकत घेणाऱ्यावरही दाखल होतो. शिवाय शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करणाऱ्याकडे 1972 च्या पुरावशेष कायद्याखालील परवाना असावा लागतो. तो मागितल्यावर या माणसाने विषय बदलला आणि नंतर फोन उचलणे बंद केले.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली मी पोलिसांत तक्रार दिली असून बंदूक, पत्र आणि पैसे दिल्याची नोंद त्यांच्या स्वाधीन केली आहे. माझ्या परिचयातील आणखी एका संग्राहकाला याच विक्रेत्याने ‘टॉवर 1858’ अशीच अक्षरे असलेली दुसरी बंदूक दाखवली आहे. तुम्हालाही कोणी अशी बंदूक दाखवली, तर पैसे देण्यापूर्वी घोड्याची पट्टी सोडवून आतून पाहू देण्याचा आग्रह धरा, विक्रेत्याचा पुरावशेष परवाना मागा, आणि तो टाळाटाळ करू लागला तर बंदुकीची छायाचित्रे घेऊन पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत चौकशी करा.