मिराज की इन्फर्नो: पाच जणांनी आधी कोणता मॅप पक्का करावा?

पाच जण नेमाने एकत्र खेळायला लागले की काउंटर-स्ट्राइक 2 या पाच विरुद्ध पाच नेमबाजीच्या खेळातला पहिला वाद ठरलेला. प्रीमियर या त्यातल्या क्रमवारीच्या प्रकारात सात मॅपपैकी दोन-तीन तर आपणच बॅन करतो (यादीतून काढतो), मग घाम कुठल्या मॅपवर गाळायचा? बहुतेकांची गाडी मिराज आणि इन्फर्नोवर येऊन थांबते. दोन्हींचे कॉलआउट, म्हणजे जागांची ठरलेली नावं, तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतो. टी म्हणजे बॉम्ब लावणारी बाजू, सीटी म्हणजे त्यांना रोखणारी (तिच्या सुरुवातीच्या जागेलाही सीटीच म्हणतात), ‘ए’ आणि ‘बी’ म्हणजे बॉम्ब लावायच्या दोन साइट.

मिराजच्या बाजूने बोलायचं तर ‘ए’चा हल्ला शिकायला याच्याइतका सरळ मॅप नाही. स्टेअर्स, जंगल आणि सीटी असे तीन स्मोक (धुराचे ग्रेनेड), म्हणजे खेळातले 900 डॉलर. तिघं रॅम्पवरून, दोघं पॅलेसमधून, वर डोळे दिपवणारे दोन फ्लॅश. तिन्ही स्मोक टी रॅम्पच्या आसपासून सुटतात आणि सीटीला ते थांबवायची संधी फार कमी मिळते. बिघडतं ते एकाच जागी: स्टेअर्स आणि जंगलच्या स्मोकमध्ये फट राहते आणि कनेक्टरच्या तोंडाशी बसलेला सीटी त्या फटीतून दोघांना आडवं करतो. म्हणून हे दोन स्मोक एकाच्याच हातात देऊ नका. एकाला दोन स्मोक बाळगता येत नाहीत, आणि दुसऱ्याने जमिनीवर टाकलेला उचलून फेकेपर्यंत पहिला विरायला लागलेला असतो. जंप-थ्रो (उडी मारत फेकणं) आता साध्या हातानेही नीट जातो, आणि ऑगस्ट 2024 पासून अधिकृत सर्व्हरवर त्यासाठीचे बाइंड (एकाच बटणात उडी आणि फेक) चालतही नाहीत. सराव करायचा तो उभं राहण्याच्या जागेचा.

इथवर मिराज पुढे आहे. पण माझ्या लेखी हा मॅप मागे पडतो तो मिडमुळे, म्हणजे मधल्या पट्ट्यामुळे.

मिराजच्या मिडमधून चार वाटा फुटतात: कनेक्टर, शॉर्ट, अंडरपास आणि खांद्यावर चढून विंडो. सीटीने इथे साधारण तीन माणसं गुंतवायची: एक विंडोत, एक कनेक्टर-जंगलमध्ये, एक शॉर्टवर. उरले दोघं, ‘ए’ आणि ‘बी’वर एकेक. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात टीने विंडोवर स्मोक टाकला की विंडोवाला आंधळा. कनेक्टरवाला एक फ्लॅश खाऊन जंगलकडे सरकतो. आता मिडवर डोळा उरला फक्त शॉर्टवाल्याचा, आणि नेमकी तेव्हाच ‘बी’ अपार्टमेंटमध्ये पावलं वाजतात. तो वळतो. विंडोवाला माइकवर सांगतो, “मिडला कोणी नाही.” त्याला म्हणायचं असतं, “मला कोणी दिसत नाही.” या एका वाक्यावर ‘ए’वाला निर्धास्त होतो आणि पुढच्या काही सेकंदांत कनेक्टरमधून त्याच्या पाठीत गोळी बसते.

नेम चांगला असूनही टीम हरतात ते बहुधा असे. मिड कुणाचं आहे याचं उत्तर मिराजवर राउंडमध्ये सतत बदलतं, आणि ते कळायला तीन जणांचे तीन अर्धवट कॉल जोडावे लागतात. व्यावसायिक टीमला ते जमतं. कामधंदा सांभाळून संध्याकाळी दोन तास खेळणाऱ्या पाच जणांना जमणारच नाही असं नाही, पण शिकायला फार वेळ जातो. तोवर प्रत्येक हरलेल्या राउंडनंतर “तू सांगितलं नाहीस” हे भांडण.

इन्फर्नोवर हा प्रश्नच वेगळा आहे. ‘बी’वर जायला टीला एकच सरळ वाट आहे, बनाना. दुसरी वाट आर्चमधून सीटी स्पॉनला वळसा घालून, म्हणजे अर्धा मॅप जिंकल्यावर. त्यामुळे सीटीचे दोघं ‘बी’वर आणि तिघं ‘ए’वर ही मांडणी पहिल्या दिवसापासून उभी राहते. “बनाना गेला” हा एक कॉल पुरेसा: ‘बी’चे दोघं साइटवर मागे येतात, एक कॉफिन्सला, एक फर्स्ट ऑरेंजेसला, आणि आर्चवाला एक पाऊल सीटीकडे सरकतो. कुणाच्या अर्धवट वाक्याचा अर्थ लावत बसावं लागत नाही.

टीलाही इथे शिस्त लागते. ‘बी’साठीचे सीटी आणि कॉफिन्सवरचे नेहमीचे दोन्ही स्मोक बहुतेक वेळा बनानातूनच टाकावे लागतात, म्हणजे आधी बनाना हातात हवा. नवशिक्या टीम इथेच फसतात. पहिल्याच झटापटीत सगळे मॉलोटोव्ह (आगीच्या बाटल्या) आणि फ्लॅश उधळतात, बनाना मिळतो, आणि साइटवर घुसायच्या वेळी खिसे रिकामे. सुरुवातीला एक मॉलोटोव्ह आणि दोन फ्लॅश एवढंच खर्चायचं. सीटीने आग टाकली तर त्यावर आपला स्मोक टाकून ती विझवता येते, पण मग त्याच धुरामागे सीटी पुढे आलेला आपल्याला दिसत नाही. घाई नसेल तर आग काही सेकंदांत आपोआप विझते, थांबलेलं बरं. आणि बनानात तिघं एका ओळीत चालू नका: कारच्या आसपास दोन एचई (स्फोटाचे ग्रेनेड) एकत्र फुटले तर चिलखत घातलेलाही जातो.

इन्फर्नोचा खरा दोष पैशाचा. बनाना दर राउंडला नव्याने विकत घ्यावा लागतो. दोन स्मोक, दोन मॉलोटोव्ह, तीन फ्लॅश धरले तर फक्त ‘बी’च्या एका हल्ल्याचे 2000 डॉलर, आणि सीटीचा इन्सेंडिअरी (त्यांचा आगीचा ग्रेनेड) तर टीच्या 400च्या मॉलोटोव्हपेक्षाही महाग. एकोत (पैसे वाचवायच्या राउंडमध्ये) सीटीने बनानासाठी लढूच नये. दोघांनी साइटवर दबा धरावा किंवा चौघांनी एकाच साइटवर जुगार खेळावा. दुसरा दोष रोटेशनचा, म्हणजे एका साइटवरून दुसरीकडे धावण्याचा. ‘ए’वरून ‘बी’ला आर्चमार्गे यायला वेळ लागतो, पिटवाला तर बहुधा पोचतच नाही. त्याने पिट सोडायचं की नाही हे राउंड सुरू होण्याआधी ठरलेलं असावं.

बॉम्ब लागल्यावर मात्र इन्फर्नो मला जास्त भावतो. बनानातून दिसेल असा बॉम्ब लावा, दोघांनी बनानात मागे या, एकाच्या हातात मॉलोटोव्ह राखून ठेवा. किट नसेल तर डिफ्यूजला (बॉम्ब निकामी करायला) 10 सेकंद, असेल तर 5. टॅपचा (डिफ्यूज सुरू केल्याचा) आवाज येताच आग टाकली तर सीटीला उठावंच लागतं, आणि बॉम्बच्या 40 सेकंदांच्या घड्याळात असा एक खोळंबा पुरतो. मिराजच्या ‘ए’वरही रॅम्प आणि पॅलेसमधून असं खेळता येतं, फक्त तिथे जंगल, स्टेअर्स आणि सीटी अशा तिन्ही बाजूंवर नजर ठेवावी लागते.

तरीही काहींनी मिराजच घ्यावा, हे मान्य. टीममध्ये खरोखर चांगला ऑपर (एडब्ल्यूपी ही स्नायपर रायफल चालवणारा) असेल आणि तो विंडो एकट्याने सांभाळत असेल, किंवा पाचापैकी दोघं दर वेळी बदलत असतील, तर मिराज. नवा माणूस तो मॅप आधीच शेकडो वेळा खेळलेला असतो, त्याला इन्फर्नोच्या जोडीच्या भूमिका समजावून सांगण्यात संध्याकाळ जाते. माणसं मात्र तीच असतील तर मी इन्फर्नोकडे झुकेन.

सुरुवात ‘बी’च्या जोडीपासून करा. दोघं कायमचे तेच ठेवा, आठवड्याला बदलू नका. मोकळ्या सर्व्हरवर बनानाची पहिली आग, त्यावरचा फ्लॅश आणि कारवर पडणारा एचई हे तीनच थ्रो दोघांच्याही हाताला बसू द्या. ‘ए’च्या तिघांचं नंतर बघता येतं.