ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्क, सोमर्सबी: सिडनीत नवीन असाल तर आधी इथे जा

सिडनीत घर घेतलंत आणि भिंतीवर पंजाएवढा कोळी बघून झोप उडाली असेल तर स्प्रे आणायच्या आधी एकदा इथे जाऊन या, मनापासून सांगतेय. गाडीने उत्तरेला साधारण तासभर, गॉसफर्डजवळ.

मगरी, कोआला सगळं आहेच, पण मला भावलं ते फनेल-वेब या अतिविषारी कोळ्याचं काम. अँटीव्हेनमसाठी, म्हणजे विषावरच्या औषधासाठी लागणारं फनेल-वेबचं विष अख्ख्या देशात फक्त इथून जातं. नराला डिवचलं की तो पुढचे पाय वर करून उभा राहतो, दाताच्या टोकाला थेंब येतो आणि तो पिपेटने ओढून घेतात, बघताना अंगावर काटा येतो खरंच. ते विष सशांना थोडं थोडं देऊन त्यांच्या रक्तातून औषध बनतं. १९८१ मध्ये ते आलं, त्याआधी १३ मृत्यूंची नोंद होती, त्यानंतर एकही नाही!! आणि हे कोळी बरेचसे लोकच घरात पकडून आणून देतात, हे मला फार मोठं वाटतं. नर जास्त हवे असतात कारण सिडनी फनेल-वेबमध्ये मादीपेक्षा नराचं विष कितीतरी जहाल. २०२५ च्या जानेवारीत कोणीतरी दिलेला नर तर पायांसकट ९.२ सेंमी भरला, त्याचं नाव हेम्सवर्थ ठेवलं.

सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा त्यांनाही नेलं, आता हंट्समन (घरात दिसणारा तो मोठा कोळी) दिसला तर त्या झाडू शोधत नाहीत, झुरळं खातोय ना मग राहू दे म्हणतात.

नवीन लोकांनी एवढं पाठच करा. काळा चकचकीत फनेल-वेब चावला तर जखमेपासून अख्ख्या हातापायाला रुंद क्रेप बँडेज घट्ट गुंडाळायचं, तो भाग अजिबात हलवायचा नाही आणि ००० या इमर्जन्सी नंबरला फोन. रेडबॅक (पाठीवर लाल पट्टा असलेला कोळी) चावला तर मात्र बँडेज नाही, बर्फाने शेकायचं, यात लोकांचा खूप गोंधळ होतो. उन्हाळ्यात पाऊस पडून गेला की नर बाहेर फिरतात, बूट झटकूनच घाला, आणि स्विमिंग पूलच्या तळाशी मेल्यासारखा पडलेला कोळी हाताने काढू नका, तो तासन् तास पाण्यात जिवंत राहतो.

मुलांना घेऊन जाणार असाल तर सकाळी लवकर पोचा, दुपारी ऊन फार लागतं. माझ्याकडून ५ पैकी ५.