दिवसा दिवे लावायचे, पण कोणते? डिप्पर, कंपनीचे डीआरएल आणि बाजारातला किट

गाडीला डीआरएल (डेटाइम रनिंग लाइट, म्हणजे गाडी चालू असताना दिवसा आपोआप लागणारे पुढचे दिवे) नाहीत आणि भर दिवसाही समोरच्याला आपण लवकर दिसायला हवे असे वाटत असेल, तर तीन रस्ते आहेत. हेडलाइटचा डिप्पर (खाली झुकलेला प्रकाश, लो बीम) चालू ठेवून चालवणे, बाजारातला डीआरएल किट बसवून घेणे, किंवा पुढची गाडी घेताना कंपनीकडून डीआरएल आलेली निवडणे. पार्किंग लाइट, फॉग लाइट आणि हॅझार्ड (चारही इंडिकेटर एकदम लुकलुकणे) यांनाही बरेच जण यात धरतात. ते यात बसत नाहीत; कारण पुढे येईलच.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. जुन्या गाडीसाठी डिप्पर पुरेसा आहे, त्याला बसवणावळ लागत नाही आणि त्याच्याबरोबर मागचे दिवेही लागतात. महिन्याला बरेच तास दुपदरी रस्त्यावर जात असतील तरच चांगला किट परवडतो. कंपनीचे डीआरएल पुढून सगळ्यांत सरस, पण मागून बहुतेक गाड्यांत अंधारच असतो आणि ते चालकाच्या लक्षात येत नाही.

फायदा कुठे, कुठे नाही

उन्हाळ्यात दुपारी एक वाजता, दुभाजक असलेल्या कोरड्या एक्स्प्रेस-वेवर दिव्यांनी फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो दुपदरी रस्त्यावर. समोरून ओव्हरटेकसाठी बाहेर डोकावणाऱ्याला तुमची गाडी आहे की नाही, हे त्या एक-दोन सेकंदांत ठरवायचे असते. जुलैतल्या ओल्या डांबरावर राखाडी गाडी, ताम्हिणीच्या झाडीत ऊन-सावलीच्या ठिपक्यांत काळी गाडी, आणि संध्याकाळी सूर्य पाठीशी ठेवून पूर्वेला निघालेली कोणतीही गाडी. या तिन्ही वेळी समोरच्याला आकार वेगळा काढता येत नाही. तिसऱ्या प्रसंगी तर त्याच्या डोळ्यांत थेट ऊन असते आणि तुमच्या गाडीचा पुढचा भाग सावलीत. आपल्याला रस्ता लख्ख दिसत असल्यामुळे दिवे लावायचे सुचतच नाही.

ही कल्पना उत्तरेकडच्या देशांतून आली, कारण तिथे सूर्य बराच काळ क्षितिजाजवळ असतो. स्वीडनने १९७७ मध्ये दिवसा दिवे सक्तीचे केले. युरोपीय संघात फेब्रुवारी २०११ पासून कारच्या नव्या मॉडेलांना डीआरएल बंधनकारक झाले. उलट, ऑस्ट्रियाने २००५ मध्ये केलेली हेडलाइटची सक्ती २००८ च्या सुरुवातीला मागे घेतली. भारतात १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ (प्रदूषणाचा तेव्हाचा निकष) दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागू लागला. त्यानंतर कितीतरी महिने रस्त्यावरचे भले लोक पंजा उघड-मिट करून ‘लाइट चालू राहिलाय’ असे सांगत होते. दिवसा डिप्पर लावून निघालात तर अजूनही सांगतील. मान हलवायची आणि पुढे जायचे.

५५ वॅटपेक्षा ६ वॅट जास्त दिसतात, ते कसे

डिप्परचे काम रस्ता दाखवण्याचे आहे, समोरच्याच्या डोळ्यांत जाण्याचे नाही. त्यामुळे त्याचा प्रकाश एका रेषेखाली कापलेला असतो. मेकॅनिक त्याला कट-ऑफ म्हणतात. हॅलोजन डिप्परमधून समोरच्या चालकाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाला युरोपीय नियमांत साधारण २५० ते ३५० कँडेलाची (एका दिशेला जाणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेचे माप) मर्यादा आहे. डीआरएलला मात्र समोर किमान ४०० आणि जास्तीत जास्त १२०० कँडेला द्यावे लागतात. म्हणजे ५५ वॅटचा बल्ब बहुतेक उजेड रस्त्यावर ओततो आणि सहा-सात वॅटचा एलईडी तो थेट समोरच्याकडे पाठवतो. कडक उन्हात डीआरएल दुरून टोचतात आणि डिप्पर फिकट वाटतो, तो यामुळे.

ढगाळ हवेत, पावसात, सावलीत ही तफावत कमी होते. आपल्याकडे दिवसा दिव्यांची गरज नेमकी अशाच वेळी जास्त असते, म्हणून डिप्पर स्पर्धेतून बाद होत नाही.

डिप्परचा खर्च

डिप्पर लावला की दोन हेडलाइट, पुढचे पार्किंग, टेल लाइट आणि नंबर प्लेटचा दिवा मिळून हॅलोजनच्या गाडीत सुमारे १४० वॅट जातात. अल्टरनेटर निम्म्याहून थोडीच जास्त ताकद विजेत बदलतो, त्यामुळे इंजिनावर भार पडतो अंदाजे २५० वॅटचा. पेट्रोलमध्ये ते होते तासाला ७५ ते १०० मिलिलिटर, म्हणजे आठ-दहा रुपये. पुणे ते कोल्हापूर चार तास धरले तर चाळीसच्या आत. एलईडी डीआरएलचा खर्च याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. ‘दिवे लावले की मायलेज पडते’ ही तक्रार खोटी नाही, पण टायरमधली हवा बरीच कमी असेल तर तेवढे पेट्रोल त्यातही जाऊ शकते.

बल्बचे मात्र खरे आहे. साध्या एच-४ किंवा एच-७ (हॅलोजन बल्बचे प्रकार) चे आयुष्य काही शे तासांचे असते. महिन्याला चाळीस तास दिवसा चालवत असाल तर वर्षाला एक जोडी धरूनच चाला. व्होल्टेज ५ टक्के वाढले की फिलामेंटचे आयुष्य जवळपास निम्मे होते. म्हणून दर चार महिन्यांनी बल्ब जात असेल तर दोष बल्बला देण्याआधी इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावा. १४.७ व्होल्टच्या वर आकडा टिकून राहत असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर दाखवून घ्यावा. बल्ब बदलताना दोन्ही बदला आणि काचेला बोट लावू नका. हाताच्या तेलाचा डाग तापतो आणि काच तिथूनच जाते.

दोन मोह टाळावेत. पहिला ‘१००/९० वॅट’च्या बल्बचा: मूळ वायरिंग आणि होल्डर ५५-६० वॅटच्या हिशेबाचे असतात, आधी होल्डर तपकिरी पडतो आणि मग वितळतो. दुसरा मोह हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालण्याचा. फिलामेंटची जागा आणि एलईडी चिपची जागा तंतोतंत जुळत नाही, कट-ऑफ विस्कटतो आणि रात्री समोरचा शिव्या घालतो. शिवाय हॅलोजनच्या उष्णतेने दिव्याच्या आत धरलेली वाफ सुकते. एलईडीची उष्णता मागे जात असल्याने पावसाळ्यात ती तशीच राहते.

डिप्परची सगळ्यांत मोठी अडचण मात्र विसराळूपणाची आहे. दिवसा दिवे चालू आहेत हे उतरताना दिसत नाही. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी सगळे दिवे चालू राहिले तर दोन-तीन तासांत इतकी उतरते की स्टार्टर नुसता कटकट करतो. दार उघडल्यावर बझर वाजतो का, किंवा चावी काढल्यावर हेडलाइट आपोआप विझतो का, ते एकदा तपासा. दोन्ही नसेल तर लाइट-रिमाइंडर बझर कोणताही ऑटो इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात लावून देतो.

डिप्पर रोज लावायचा ठरवलेत तर एकदा त्याची उंची बघा. सपाट जागी, टायरमध्ये योग्य हवा आणि चालकाच्या जागी माणूस बसवून, गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मांडा. कट-ऑफ त्या खुणेच्या ५ ते साडेसहा सेंटिमीटर खाली पडायला हवा, आणि डाव्या बाजूला तो थोडा वर चढलेला असावा. डिकी भरली की पुढचे तोंड वर उचलते, तेव्हा डॅशबोर्डवरची, दिव्यांची उंची बदलणारी चकती ० वरून २ किंवा ३ वर न्यायची. ही चकती कशासाठी असते, हे गाडी विकताना बहुतेक कुणी सांगत नाही.

बाजारातला किट: चांगला असेल तर

‘आयब्रो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लवचीक सिलिकॉनच्या पट्ट्या सरळ बाजूला ठेवा. त्यांत प्रकाश एका दिशेला नेणारी लेन्स नसते. संध्याकाळी त्या छान दिसतात, उन्हात दहा पावलांवर विरतात. घ्यायचाच तर कडक घर असलेला, प्रत्येक एलईडीवर लेन्स असलेला आणि काचेवर गोलातले ‘ई’ व आकडा, तसेच ‘आरएल’ अशी अक्षरे कोरलेला घ्यावा. ‘आरएल’ ही डीआरएलची मान्यता-खूण आहे. नक्कल करणारे तीही छापतात. स्टिकरवर किंवा खोक्यावर असलेली खूण धरू नका, साच्यातच उठलेली पाहा.

बसवण्याची मापे: जमिनीपासून २५ सेंटिमीटरपेक्षा वर, दीड मीटरपेक्षा खाली, आणि दोन दिव्यांच्या आतल्या कडांत किमान ६० सेंटिमीटर अंतर. दोन्ही जवळजवळ लावले तर लांबून एकच दिवा दिसतो आणि समोरचा तुम्हाला दुचाकी समजतो. रंग पांढराच हवा. निळा, लाल किंवा लुकलुकणारा लावलात तर आरटीओ आणि वाहतूक पोलीस दोघांनाही विचारायला निमित्त मिळते.

वायरिंगमध्येच बहुतेक किट मरतात. तीन वायरी असतात. लाल वायर इग्निशन चालू असतानाच जिवंत होणाऱ्या फ्यूजला, फ्यूज-टॅपने (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड), ३ अँपिअरच्या वेगळ्या फ्यूजसह. काळी वायर रंग खरवडलेल्या उघड्या धातूच्या बोल्टला. रंगावरच आवळली की दिवा मंद जळतो किंवा फडफडतो. तिसरी पार्किंग लाइटच्या वायरीला, म्हणजे हेडलाइट लावल्यावर डीआरएल विझतात किंवा मंद होतात. ही तिसरी वायर अनेक ठिकाणी जोडतच नाहीत. मग रात्रीही ते पूर्ण ताकदीने पेटतात आणि समोरच्याला अंधारी येते.

लाल वायर थेट बॅटरीला जोडून एखादा वेगळा स्विच देणारेही भेटतील. १२ वॅटचा किट रात्रभर चालू राहिला तर दहाएक अँपिअर-तास जातात. जुनी बॅटरी बसायला तेवढे पुरते. बॅटरीचे व्होल्टेज १३ च्या वर गेले की पेटणारा कंट्रोलरही मिळतो. साध्या अल्टरनेटरवर तो ठीक चालतो, पण नव्या गाड्यांचा अल्टरनेटर मधेच व्होल्टेज उतरवतो, आणि मग डीआरएल लागतात-विझतात. जोड सोल्डर करून हीट-श्रिंक नळीने झाकून घ्या. नुसती टेप गुंडाळलेला जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर कापू देऊ नका. नाहीतर पुढे कुठलीही विजेची तक्रार नेली की बोट या किटकडेच जाईल.

कंपनीचे डीआरएल आणि मागचा अंधार

पुढून याला तोड नाही: मोजून दिलेला प्रकाश, योग्य जागा, लक्षात ठेवायची कटकट नाही. इंडिकेटर दिल्यावर त्या बाजूचा डीआरएल मंद होत असेल तर तो बिघाड नव्हे. इंडिकेटर ठळक दिसावा म्हणून तशी सोय असते. विकत घेताना मात्र एक विचारा: डीआरएल गेला तर तेवढाच भाग मिळतो की अख्खी हेडलाइट घ्यावी लागते? बऱ्याच मॉडेलांत उत्तर दुसरे असते, आणि ती रक्कम ऐकून माणूस क्षणभर गप्प होतो.

पण खरी खोट मागे आहे. डीआरएल चालू, डॅशबोर्ड उजळलेला, म्हणजे दिवे लागलेच आहेत अशी चालकाची समजूत होते. टेल लाइट मात्र बंद. खंडाळ्यात जुलैच्या सकाळी धुक्यातून मागून येणाऱ्या ट्रकला अशी गाडी दिसतच नाही. कॅनडात नव्या गाड्यांना डीआरएल बंधनकारक होऊन तीन दशके झाल्यावर याच कारणासाठी नियम बदलावा लागला. सप्टेंबर २०२१ पासून तिथे अशा ‘अदृश्य’ गाड्या टाळण्याची तरतूद आहे.

दिव्यांचा नॉब ‘ऑटो’वर ठेवला की झाले, असेही नाही. आरशाजवळचा सेन्सर उजेड मोजतो, धुके ओळखत नाही. सकाळी अकराचे पांढरे धुके त्याच्या दृष्टीने भरपूर उजेड असतो. पावसाचेही तसेच, काही गाड्यांत वायपरशी जोडणी असते ती वगळता. बोगद्यात सेन्सर उशिरा जागा होतो, म्हणून मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवरच्या माडप, भाताण किंवा कामशेत बोगद्याच्या तोंडाशी येण्याआधीच नॉब हाताने डिप्परवर न्यावा.

आणि ज्यांना पर्याय समजतात ते

पार्किंग लाइट पाच वॅटचा, उभ्या गाडीसाठी. उन्हात तो लागला आहे हे मालकालाही वाकून बघावे लागते. पुढचे फॉग लाइट खाली आणि रुंद फेकतात, लांबून दिसण्यासाठी ते बनवलेले नाहीत आणि ओल्या रस्त्यावरून समोरच्याच्या डोळ्यांत उसळतात. मागचा लाल फॉग लाइट दाट धुक्यात जरूर लावा, धुके विरळ होताच बंद करा, कारण त्याच्या झगमगाटात ब्रेक लाइट हरवतो. चालत्या गाडीत हॅझार्ड लावले की इंडिकेटर संपला. घाटात पावसात चारही दिवे लुकलुकवत लेन बदलणारी गाडी कुठे वळणार, हे मागच्याला कळायला मार्ग उरत नाही.

दुचाकीवाल्यांना निवड फारशी नाही, पण एक गोष्ट त्यांच्या हातात आहे. एकट्या दिव्यावरून अंतर आणि वेग ओळखणे आधीच अवघड असते. त्यात दिवसा अप्पर (हेडलाइटचा लांबवर जाणारा, वरचा प्रकाश) चालू राहिला तर शेजारचा इंडिकेटर पूर्ण झाकला जातो. मीटरवर निळी खूण पेटलेली असेल तर अप्पर चालू आहे. उन्हात ती खूण दिसत नाही, म्हणून निघताना मीटरवर हाताची सावली धरून एकदा पाहून घ्यावी.