दुबईच्या सौभद्रपायी ६८,७०० गेले, गाणाऱ्या नटांनो सावध राहा

नाटकवाल्यांनो, त्यातल्या त्यात गाणाऱ्यांनो, नीट वाचा. घरचे म्हणले लिहू नको, लोक हसतील. हसू द्या. दुबईच्या नाटक दौऱ्याच्या नावाखाली मला फसवणारा माणूस अजून मोकळा फिरायलाय आणि आता लातूर-नांदेडकडच्या कलाकारांना फोन लावायलाय, म्हणून लिहायलोय.

मी परभणीकडचा. संगीत नाटकात कामं करतो. त्यात पोट भरतं का हा प्रश्न विचारू नका, नाही भरत. गाण्याच्या शिकवण्या, सप्त्यात भजन, लग्नसराईत भावगीतं आणि मधीमधी प्रयोग. आमच्याकडं नाईट, म्हणजे एक प्रयोग, दीड-दोन हजाराचं पाकीट, ते बी आयोजकाची मर्जी असली तर त्याच रात्री, नाहीतर "पुढच्या आठवड्यात बघू". त्यात कुणी एका नाईटचे ६,००० देतो म्हणला तर कान टवकारणारच ना.

ओळखीच्या तबलजीकडून माझा नंबर घेऊन या भामट्यानं फोन केला. तबलजीचा दोष नाही, त्याचे बी २,२०० गेले. गडी बोलायला लई पक्का. म्हणे अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाचा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात झाला, आपण त्याच तारखेला दुबईत त्यांच्याच सौभद्र या संगीत नाटकाचा शुभारंभ करू, मग शारजा, मग अबुधाबी, तिथल्या मराठी लोकांना संगीत नाटक बघायला मिळत नाही हो. तारखा तोंडपाठ, सौभद्र १८८२ चं हे बी पाठ. असा माणूस लुच्चा असेल असं कुणाला वाटेल? आणि मला कृष्णाची भूमिका देतो म्हणला.

आता पैसे कसे गेले ते. आधी २,२०० रजिस्ट्रेशन. मग १८,५०० कपडेपटाचं डिपॉझिट, शालू, शेले, पितांबर, मुकुट सगळं नवीन करायचंय, परत आल्यावर रिफंड. मग ४८,०००, त्यात ४१,००० व्हिसा, तिकीट, विमा आणि ७,००० "नाटकाचे हक्क". हे शेवटचे सात हजार मला आज बी झोपू देत नाहीत. अण्णासाहेब १८८५ ला गेले, लेखक गेल्यावर ६० वर्षांनी हक्क संपतात, म्हणजे सौभद्र आपल्या सगळ्यांच्या जन्माआधीच मोकळं झालंय, कुणाच्या बापाला त्याचे पैसे द्यायचे नाहीत. पण ४८,००० चा आकडा एकगठ्ठा सांगितला आणि फोड पावतीत बारीक अक्षरात दिली, ती बी पैसे गेल्यावर.

पण खरी खूण त्याच्या आधीच दिसलेली. ऑडिशनला बस स्टँडजवळच्या लॉजवर बोलावलं. खोलीत तो, एक पोरगा मोबाईलवर शूटिंग करायला आणि पलंगावर ठेवलेली पेटी, तिचा भाता फाटलेला. मी कृष्णाचं देसकारातलं पद सुरू केलं, अंतऱ्याला पोचतोय तोच "वा वा, बस, सिलेक्टेड". मी विचारलं ऑर्गनवर कोण बसणार, म्हणलं एकदा त्यांच्यासोबत पट्टी जुळवून घेऊ. तर म्हणतो, "अहो ट्रॅकवर करू, टेन्शन नका घेऊ." ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या वाजवण्यावर! संगीत नाटकात नट तान घेतो, प्रेक्षक वन्स मोअर देतात, पद पुन्हा होतं, एखादी ओळ लांबते, ऑर्गनवाला आणि तबलजी डोळ्यांनी नटाशी बोलत असतात. ट्रॅक काय वन्स मोअर ऐकतो का? सौभद्र ट्रॅकवर करणारा माणूस एक तर अडाणी नाहीतर चोर. माझ्या डोक्यात तेव्हा आलं की दुबईला वादक न्यायचा खर्च परवडत नसेल. आणि हे काही येडं कारण नाही, खर्च वाचवायला ट्रॅक लावलेले कार्यक्रम मी स्वतः केलेत.

"नटाकडून कधी कुणी पैसे घेतं का" असं मला शहाणपण शिकवणाऱ्यांना एक सांगतो. पुण्या-मुंबईच्या व्यावसायिक नाटकात नसतील घेत. आमच्याकडं राज्य नाट्य स्पर्धेला नाटक उतरवायचं म्हणजे आधी वर्गणी. सेटची वर्गणी, टेम्पोची वर्गणी, मेकअपवाल्याचं मानधन आपल्याच खिशातून. संगीत नाटक असलं तर वादकांचे वेगळे. हयातभर पदरचे घालून नाटक केलंय, तर कुणी डिपॉझिट मागितल्यावर दचकायचं कामून? हा भामटा नेमकी हीच सवय ओळखून आमच्याकडच्या लोकांना गाठतो.

पासपोर्टची झेरॉक्स दिली, त्यानंतर नंबर बंद.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी तक्रार घेतली, पण तोवर त्या खात्यातून पैसे निघून गेलेले. (पैसे गेल्या गेल्या लावा हा नंबर, नातेवाइकांना विचारत बसू नका.) मग पोलीस ठाणं. तिथं म्हणे पैसे मोबाईलवरून गेले ना, सायबरला जा. सायबरवाले म्हणे तुम्ही माणसाला समोरासमोर भेटलात, हे सायबर नाही, ठाण्यात जा. ठाण्यात परत गेलो तर म्हणे लॉज दुसऱ्या हद्दीत येतो. नव्या कायद्यात, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, हद्द कुठलीही असो गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो हे मी मोबाईलवर काढून दाखवलं, तर साहेब म्हणतात "आम्हाला कायदा शिकवता का?" फसवणुकीचं कलम ४२० जाऊन आता ३१८ आलंय हे बी मीच सांगायचं. बँकेत गेलो तर "पिन तुम्हीच टाकला ना." आणि कहर म्हणजे अर्ज लिहून घेणारा हवालदार विचारतो, नाटकात म्हणजे तमाशात का, आणि मग, "म्हणून दाखवा की एखादं." मी अर्ज घेऊन उभा, बाकीचे हसायलेत. म्हणलं नाही. तेव्हापासून माझा अर्ज कुठल्या टेबलावर आहे देवाला माहीत.

दौऱ्याचं कुणी बोललं तर संहितेच्या परिनिरीक्षण प्रमाणपत्राचा, म्हणजे संहिता तपासून सरकारी मंडळ देतं त्या परवानगीचा, नंबर विचारा. ऑर्गनवाल्याचं आणि तबलजीचं नाव विचारा आणि थेट त्यांना फोन लावा. थिएटरची तारीख घेतल्याची पावती मागा, फोटो नको, पावती. कपडेपट निर्मात्याचा असतो, त्याचं डिपॉझिट ऐकलं की उठायचं. पासपोर्टची कॉपी देऊ नका, मी दिली, आता त्याचा वेगळाच घोर.

लातूरच्या एका गायिकेला सुभद्रेसाठी हाच फोन आलता, तिनं तालीम कुठंय एवढंच विचारलं, त्यानं फोन कट केला. ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी पुढं या, सगळे मिळून एकच अर्ज देऊ, कारण ठाण्यातले म्हणतात एकट्याचं प्रकरण किरकोळ आहे. ६८,७०० किरकोळ! माझ्या पस्तीस-चाळीस नाईटांचे पैसे होतात ते.